अकोल्यातली सागरी मंडळी

विसू गेल्याची बातमी मला अमरावतीच्या कोर्टाच्या व्हरांड्यात कळली. शेताच्या धुऱ्याचा, म्हणजे बांधाचा, एक जुना दावा चालला होता, दोन्ही पक्षकार एकमेकांच्या सात पिढ्या काढत होते, आणि मी त्यांना गप्प करत होतो. तेवढ्यात खांबाशी गुलाबराव दिसले. भातकुलीकडचे हे शेतकरी गृहस्थ. सागवानाचा थोडा व्यापार, घरची काळी जमीन, आणि विसूच्या कंपनीत माझ्यासारखेच भागीदार. धोतर पोटरीपर्यंत चिखलानं भरलेलं. अकोल्याहून पावसात आले होते. "वकीलसायेब, विसूभाऊ गेले," ते म्हणाले. मी विचारलं, "कुठे? पुन्हा कोकणात?" त्यांनी नुसती मान हलवली... आणि मग मला कळलं.

खरं सांगतो, रडू नंतर आलं. आधी राग आला. श्रावण चालू होता. त्याचं माचाण वैशाखात समुद्रात उभं राहिलं होतं आणि त्याचा पहिला पावसाळा अजून अर्धा व्हायचा होता. ह्या माणसाला आयुष्यात दुसरं काही नको होतं. आपल्या कंपनीनं भर पाण्यात उभं केलेलं एक माचाण एक अख्खा पावसाळा टिकलेलं पाहायचं, एवढाच त्याचा ध्यास. त्यासाठी त्यानं घर, प्रकृती, दोस्ती सगळं पणाला लावलं, आणि ऐन परीक्षेच्या मध्यात उठून चालता झाला. असा राग मेलेल्या माणसावर काढता येत नाही, म्हणून मी तो त्या धुऱ्याच्या दाव्यावर काढला. न्यायाधीशांनी मला दोनदा आवाज खाली करायला सांगितलं.

त्यानंतर अकोल्यात शोकसभा झाली. अध्यक्षांनी कैलासवासी विश्वनाथराव जोशी ह्यांचा "पूल बांधणारे नामांकित कंत्राटदार" म्हणून गौरव केला. विसूनं जन्मात एक पूल बांधला नाही. पुलाचं काम चालून आलं तेव्हा त्यानं आलेल्या माणसाला चहा पाजून परत पाठवलं होतं. मी उठून दुरुस्ती करणार होतो, पण गुलाबरावांनी माझा कोट धरून मला खाली बसवलं. ती दुरुस्ती आता इथे करतो आहे.

विसू आणि मी अमरावतीला एका बाकावर शिकलो. त्याच्या घरी जोशीपण होतं. वडील पंचांग सांगायचे, पुढे थोरला भाऊ नाना सांगू लागला. तिथी, वार, नक्षत्र हे त्या घरात पोरांना पाढ्यांच्या आधी यायचं. विसूचं मन मात्र त्यात नव्हतं. त्याला खांब, तुळया, खिळे ह्यांत गोडी. ओव्हरसियरची परीक्षा देऊन तो कोणाच्या तरी ओळखीनं ब्रह्मदेशात गेला. तिथे इरावती नदीच्या काठाला जमिनीखाली तेल आहे, आणि काठावरचं पुरेना म्हणून गोऱ्या साहेबांनी नदीच्या पात्रातच लाकडी माचाणं उभारून तेलाच्या विहिरी पाडल्या होत्या. विसू तिथे ती माचाणं बांधायला शिकला. सुटीवर आला की बोलायला दुसरा विषय नसे. "वकील, चहूकडे पाणी आणि मधोमध आपण कोरडे उभे... तुले नाही समजायचं ते," असं तो म्हणायचा. मला खरंच समजायचं नाही. मी पोहायलासुद्धा शिकलो नव्हतो.

जपान्यांनी रंगून घेतलं आणि हजारो लोकांसारखा विसूही जंगलातून पायी परत आला. हाडांचा सापळा झाला होता. शांतावहिनींनी त्याला पेज पाजून उभं केलं. ह्या बाईनं नवऱ्याची वर्षानुवर्षं वाट पाहिली होती. आता कुठे संसार सुरू होईल असं त्यांना वाटलं असेल, मला तर नक्की वाटलं. अकोल्यात घर केलं, जिनिंगवाल्यांची कामं हात जोडून उभी होती. आणि ह्या गृहस्थानं एके दिवशी मला अकोल्याला बोलावून सांगितलं की मी कंपनी काढतो आहे. नाव, 'वऱ्हाड सागरी बांधकाम मंडळी'. काम, समुद्रात तेलाच्या जहाजांसाठी आणि तेलाच्या विहिरींसाठी माचाणं बांधणं. कचेरी, अकोला. मी हसलो. तो हसला नाही. "हिंदुस्थानच्या समुद्राखाली तेल नाही असं कोण सांगून राहिलं? कोणी पाहायलेच गेलं नाही. जातील तेव्हा पाण्यात उभं राहायले जागा लागेल ना? ती आपण बांधू."

कागद करायला मीच वकील, म्हणून नागपूरच्या सचिवालयातल्या खेपाही माझ्याच नशिबी. तिथल्या अधिकाऱ्यानं अर्ज वाचून चष्मा काढला आणि विचारलं, "वऱ्हाडात समुद्र कुठे आहे?" विसू तोंड उघडणार तोच गुलाबराव पुढे झाले. "सायेब, आमच्या भातकुलीले या. आमच्या विहिरीचं पानी एक घोट प्या. मंग तुमीच सांगा समुद्र कुठी हाय ते." खारपाणपट्ट्यातला माणूस, त्याच्या विहिरीला जन्मात गोडं पाणी लागलं नव्हतं. बाकी कारकून हसले, अधिकारी हसले नाहीत. त्यांनी आम्हाला आणखी कितीतरी खेपा घालायला लावल्या. कचेरी मुंबईला का नाही, विसू सोडून संचालकांपैकी कोणी समुद्र पाहिला आहे का, असे प्रश्न येत राहिले. शेवटच्या प्रश्नाला गुलाबरावांनी खरं उत्तर दिलं, "नाही," आणि त्यापायी आणखी एक खेप पडली.

कंपनी झाली. काम नव्हतं. म्हणजे जमिनीवरचं होतं, पाण्यातलं नव्हतं. नगरपालिकेची पाण्याची टाकी, सरकीच्या गोदामाचं छप्पर, तो पूल... विसू सगळ्यांना नाही म्हणत गेला. मी चिडून अकोल्याला गेलो. म्हटलं, अरे गाढवा, टाकी बांध, चार वर्षं पोट भर, समुद्र काही पळून जात नाही. तो म्हणाला, "जमिनीवर बांधणारे गल्लोगल्ली आहेत. मले त्याच्यात कावून ढकलून राहिला? एकदा टाकी घेतली की मी टाकीवाला झालो. मग समुद्राचं काम टाकीवाल्याले कोण देईल?" मी आवाज चढवला. आतून शांतावहिनी आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "भाऊजी, यायच्याशी भांडू नका. मी मुलींच्या शाळेत नोकरी धरली आहे. सोमवारपासून जाणार." विसूला हे माहीत नव्हतं. त्यानं बायकोकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि उठून अंगणात गेला. मला वाटलं आता तरी डोकं ठिकाणावर येईल. थोड्या वेळानं आत येऊन मला विचारतो काय, की मेळघाटचा साग खाऱ्या पाण्यात किती टिकेल.

पण एवढी हेकट माणसं कधीतरी काम मिळवतातच. लढाई संपल्यावर मुंबईची एक तेल कंपनी कोकणातल्या एका खाडीच्या तोंडाशी जहाजांतून रॉकेल आणि पेट्रोल उतरवायची सोय पाहत होती. जहाज किनाऱ्याला लागत नाही. म्हणून पाण्यात माचाण, आणि माचाणापासून काठापर्यंत नळ. ब्रह्मदेशातला एक जुना साहेब त्या कंपनीत होता, त्यानं विसूचं नाव काढलं. विसू आणि गुलाबराव जाऊन पाण्याचं माप घेऊन आले. दोन दिवस राहिले, भरती पाहिली, ओहोटी पाहिली, दोरी टाकून खोली मोजली. मग मेळघाटातल्या धारणीच्या जंगलातून साग उतरवला. त्या रस्त्यांवर गुलाबरावांच्या बैलांचे हाल झाले, आमची दोन चाकं मोडली. मापाप्रमाणे सगळे खांब तिथेच कापून, टोकं जाळून, डांबर चोळून आगगाडीनं रवाना केले. आणि मुहूर्त काढून द्यायला, पाण्याची पूजा करायला सोबत नानाला नेलं. जोशीघराण्यातला मुलगा, मुहूर्त चुकवून कसा चालेल!

मीही गेलो होतो. समुद्र मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला, आणि वकिलीत इतकी वर्षं काढून जी बोलण्याची सवय लागली ती काही वेळ गेली. नानानं वाळूवर चौरंग मांडला, नारळ फोडला, पहिला खांब दिमाखात उभा राहिला. रोज दोन-तीन खांब ठोकले जात. गुलाबराव होडीत दोन्ही हातांनी कड धरून बसत आणि तिथूनच ओरडत, "सुतासारखा जाऊन राहिला, विसूभाऊ!" सगळं छान चाललं होतं. मग पौर्णिमा आली. दुपारी जेवून आम्ही काठावर गेलो तर पाणी चढतच होतं. आदल्या आठवड्यात जिथे थांबायचं तिथे थांबेना. नानाचा चौरंग उचलला गेला, कलश वाहत गेला. आणि बघता बघता आमच्या खांबांची डोकी एकेक करून पाण्याखाली गेली. त्यांच्यावर फळ्या टाकून माचाण करायचं होतं. पाणी चांगलं दोन हात वर होतं.

काय झालं होतं ते विसूला माझ्या आधी कळलं. तो गुडघाभर पाण्यात उभा होता. हळूच म्हणाला, "नाना, मी माप घेतलं तेव्हा तिथी कोणती होती?" नाना म्हणाला, "नवमी. दशमीला परत निघालास." समुद्राची भरती तिथीनं चढते-उतरते. अष्टमी-नवमीला ती सगळ्यांत लहान असते, आणि पौर्णिमा-अमावास्येला उधाण येतं. हे शाळेतल्या भूगोलात आहे. पण विसू पाणी शिकला होता इरावतीवर, आणि तो भाग समुद्रापासून फार आत. तिथलं पाणी आमच्या पूर्णा नदीसारखंच, वर्षातून एकदा चढायचं आणि उतरायचं. तिथीशी त्याचा संबंध नाही. आणि मुहूर्तासाठी तिथी बघणाऱ्या, एकादशीला साबुदाणा आणि संकष्टीला चंद्र पाहणाऱ्या ह्या घरातल्या दोन भावांना पाणीसुद्धा तिथी पाळतं हे सुचलं नाही! मला इतका संताप आला की मी नानावर ओरडलो. ओल्या धोतरानं पंचांग छातीशी धरून तो म्हणाला, "मुहूर्त बरोबर होता." विसू एकदम हसायला लागला. मला वाटलं ह्याला वेड लागलं.

अजूनही काम वाचलं असतं. खांबांना वरून जोड देता आला असता. तेल कंपनीचा साहेब तयार होता, गुलाबराव तयार होते, मी तर हात जोडले. विसू अडून बसला. "जोड दिलेला खांब पहिल्या पावसाळ्यात जाईल. माझ्या मंडळीचं पहिलं माचाण पडलेलं मले चालणार नाही." आणि आपल्याच हातांनी बसवलेले खांब उपटायला लावले. काम गेलं. परत येताना आगगाडीत तो खिडकीशी बसून होता, मी त्याच्याशी एक शब्द बोललो नाही. भुसावळला त्यानं माझ्यासाठी केळी घेतली, ती मी खाल्ली, तरी बोललो नाही.

पुढची काही वर्षं मी नीट सांगू शकत नाही, कारण मी अकोल्याला जाणं जवळजवळ सोडलं होतं. स्वातंत्र्य आलं, कचेऱ्यांत माणसं बदलली, विसूचे अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहिले. शांतावहिनी शाळेत शिकवत होत्या. वऱ्हाडात आमची कंपनी एक थट्टेचा विषय झाली होती. अकोल्यात कोणाच्या दारी पावसाचं डबकं साचलं की लोक म्हणायचे, जोशांना बोलवा, माचाण बांधतील. गुलाबराव तेवढे दर महिन्याला जायचे. मी त्यांना एकदा विचारलं, तुम्ही शहाणे माणूस, तुम्ही का नाद सोडत नाही? ते म्हणाले, "वकीलसायेब, त्यायचं चुकलं ते एकदा चुकलं. आता तो मानूस चुकणार नाही. मी वाट पाहून राहिलो." एवढ्या साध्या उत्तराचाही मला राग आला, कारण वाट पाहणाऱ्यांत मी नव्हतो... किंवा तसं दाखवत होतो.

मग कधीतरी त्याच तेल कंपनीनं पुन्हा बोलावलं. दुसऱ्या कोणाचं काम पसंत पडलं नव्हतं म्हणे. ह्या वेळी विसू एका पौर्णिमेपासून पुढच्या पौर्णिमेपर्यंत तिथेच राहिला, रोजची भरती खुणा करून मोजली, आणि पावसाळ्यातलं उधाण पाहायला पुन्हा गेला. खांब लांब कापले. गेल्या हिवाळ्यात काम सुरू झालं, वैशाखात फळ्या बसल्या, आणि वैशाखातच तो हिवताप घेऊन घरी आला. मी भेटायला गेलो तेव्हा आषाढ होता. पांघरुणात नुसते डोळे दिसत होते. मला वाटलं प्रकृतीचं बोलेल. तो म्हणाला, "सगळ्यांत मोठं उधाण मी हिशेबात धरलं आहे, त्याच्यावर दीड हात मोकळी जागा सोडली आहे. भाद्रपदाची पौर्णिमा पार पडली की समज झालं." मी म्हटलं, "आधी तू पार पड." तो म्हणाला, "माझं काही नाही रे, वकील, माझं काय मोठं!" हेच ते. ह्याच वाक्यावर मला त्याला बदडावंसं वाटतं. त्याचं काय मोठं हे वहिनींना विचारायला हवं होतं. भाद्रपद त्याला मिळाला नाही.

गुलाबराव भाद्रपदात कोणाला न सांगता कोकणात गेले. परवा, पितृपक्षात परतले, ते मला अमरावतीहून घेऊन थेट अकोल्याला विसूच्या घरी. वाटेत मोटारीत मी विचारलं की म्हणायचे, "वहिनीपुढं सांगतो." घरी चुना लावायचं काम चाललं होतं. वहिनी आम्हाला मागच्या खोलीत घेऊन गेल्या. ह्या खोलीत विसू झोपायचा, दोघं झोपायची. मी त्या खोलीत कधी गेलो नव्हतो. कौलांच्या आढ्यापर्यंत चढलेल्या उंच भिंतीवर कोळशानं आडव्या रेघा होत्या, एकावर एक. जमीन म्हणजे ओहोटीचं पाणी. माझ्या डोक्याच्या वर पार उंचावर नवमीच्या भरतीची रेघ, तिच्यावर एकादशी, मग त्रयोदशी, आणखी वर पौर्णिमा, त्याहून वर पावसाळ्यातली पौर्णिमा. आणि सगळ्यांच्या वर, आढ्याच्या जवळ, एक जाड रेघ. ती माचाणाच्या फळीची. माणसानं खऱ्या मापाचा समुद्र अकोल्यातल्या भिंतीवर काढून ठेवला होता, आणि त्याच्या तळाशी दोन खाटा होत्या.

"उभं हाय," गुलाबराव म्हणाले. "पौर्निमेच्या दुपारी मी काठावरच होतो. वारा असा, की मानसाले उभं राहू देईना. पानी चढलं, चढलं... माह्या जिवात जीव नव्हता." त्यांनी चुनेवाल्याची शिडी ओढून भिंतीला लावली, खिशातून कोळशाचा तुकडा काढला आणि वर चढले. पावसाळ्यातल्या पौर्णिमेच्या रेघेच्या थोडं वर, जाड रेघेच्या हातभर खाली, एक नवी रेघ मारली. "एवढं आलं."

"आणि फळी?" वहिनींनी विचारलं.

"कोरडी ठाक. वरतं बगळे बसले होते."

म्हणजे दीड हातांतला अर्धा हात विसूचा हुकलाच होता. माझ्या ओठांवर ते आलं. तो असता तर त्या अर्ध्या हातासाठी मी त्याला संध्याकाळपर्यंत छळलं असतं आणि त्यानं वाऱ्याचा जोर, लाटेची उंची असलं काहीबाही सांगून मला गप्प केलं असतं. हे भांडण माझ्या हक्काचं होतं, आणि ते माझ्या हातून गेलं. मी तिथेच खाटेवर बसलो आणि रडलो. नळ अजून आलेला नाही, तेल कंपनी पुढच्या वर्षी टाकू म्हणते आहे, असंही गुलाबराव सांगत होते. मला ऐकू येत होतं, पण त्यात लक्ष नव्हतं.

वहिनी त्या नव्या रेघेकडे पाहत होत्या. मग चुनेवाल्याला म्हणाल्या, "द्या आता चुना. वरपासून द्या." गुलाबराव शिडीवरच थबकले. मी डोळे पुसून म्हटलं, "वहिनी, ही एक भिंत तरी राहू द्या." त्या माझ्याकडे वळल्या. आवाज चढला नव्हता, पण इतक्या वर्षांत मी तो तसा ऐकला नव्हता. "भाऊजी, इतके दिवस मी पाण्याखाली झोपली. रोज वर पाहावं अन् यायनं म्हणावं, आज पाणी इथपर्यंत. ते माचाण उभं आहे न? यायचं काम झालं न? मग मले आता कोरड्यात झोपू द्या."

गुलाबराव खाली उतरले. चुनेवाल्यानं आढ्याकडून सुरुवात केली. ओला चुना पांढरा दिसत नाही, खालचं सगळं दिसत राहतं. म्हणून त्यानं अख्खी भिंत रंगवून काढली तरी फळी, पौर्णिमा, त्रयोदशी, नवमी, सगळ्या रेघा जागच्या जागी होत्या. गुलाबराव आणि मी खाटेवर बसून होतो. दिवेलागणीपर्यंत वरचा चुना वाळून पांढरा व्हायला लागला आणि फळीची रेघ पुसट झाली. वहिनींनी दोनदा दारातून डोकावून भिंत पाहिली, आणि दोन्ही वेळा परत आत गेल्या.